गुरूस दंड करणारे विद्यापीठ

गेल्या दिवाळीच्या सुटीतील गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपून मंडळी ओटीवर बसली होती. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू कॉलेजात शिकतो. तो सुटीसाठी घरी आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "अण्णाआजोबा, ह्या टर्मला आमच्या एका प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकाचा निम्मा भागही शिकविला नाही. उरलेला घरी वाचा म्हणून सांगून मोकळे झाले. फी मात्र पुरी घेतली." वहिनी आत जपमाळ ओढीत बसल्या होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "अरे, गुरूची निंदा करू नये." मुलगा म्हणाला, "आजी, निंदा कुठे करतो? हिशेब मागतो आहे." "हिशेब मागायला गुरू म्हणजे काय दुकानदार?" असे वहिनींनी विचारताच सर्व मंडळी हसली, आणि निवाड्यासाठी माझ्याकडे पाहू लागली. पस्तीस वर्षे खडू झिजविलेला मास्तर कोणत्या बाजूने निवाडा देणार हे सर्वांस ठाऊकच होते. परंतु मी म्हणालो, "हिशेब मागणे नवे नाही. एका विद्यापीठात विद्यार्थी आपल्या गुरूंकडून असा हिशेब नित्य मागत, आणि तो नीट न जुळल्यास गुरूंकडून दंड वसूल करीत. ते विद्यापीठ सर्वांत जुन्या विद्यापीठांत मोडते आणि आजही चालू आहे." वहिनींनी जपमाळ थांबविली. ती हकीकत त्या रात्री दिवा मालवेपर्यंत पुरी झाली नाही, म्हणून ह्या महिन्याच्या लेखासाठी तीच घेतली आहे.

प्रथम एक कबुली देतो. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थी म्हणून विद्यापीठाचे तोंड कधी पाहिले नाही. मॅट्रिक झालो, शास्त्रीबोवांपाशी कौमुदी आणि काव्ये झाली, आणि शाळेत नोकरी धरली. लग्नाला जाऊ न शकलेल्या माणसास पंगतीची हकीकत अधिक गोड लागते, त्यातला हा प्रकार आहे.

युनिव्हर्सिटी ह्या शब्दात अखिल विश्व सामावले आहे अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे, आणि 'विश्वविद्यालय' हा प्रतिशब्द तीतूनच निघाला. वस्तुस्थिती निराळी आहे. 'युनिव्हर्सितास' हा लॅटिन शब्द मुळात शाळेचा नसून कायद्याचा आहे. अनेक माणसे मिळून एक समुदाय करतात, त्या समुदायाला स्वतःचे नियम, पेटी व प्रमुख असतो, आणि कायदा त्यास एकच व्यक्ती मानून व्यवहार करू देतो; अशा समुदायास युनिव्हर्सितास म्हणत. कारागिरांचा समुदाय तीच संज्ञा घेई, गावकऱ्यांचाही घेई. आपल्या स्मृतिग्रंथांत श्रेणी, पूग, गण हे शब्द येतात, ते मनात आणल्यास अर्थ चटकन ध्यानात येईल. विद्या जेथे शिकविली जाते त्या स्थानास त्यांचा शब्द 'स्टुडियम' असा होता. सारांश, तेराव्या शतकात बोलोन्यात कोणी युनिव्हर्सितास म्हटले तर ऐकणाराच्या डोळ्यांपुढे इमारत येत नसे. विद्यार्थ्यांची श्रेणी येत असे. होय, केवळ विद्यार्थ्यांची. गुरू तिच्यात सभासद नव्हते.

बोलोन्या हे नगर इटलीच्या उत्तर भागात, आपेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी आहे. उत्तरेकडून रोमला जाणाऱ्या आणि पूर्वेहून पश्चिमेस जाणाऱ्या वाटा येथे मिळतात. त्यामुळे व्यापारी, यात्रेकरू व वकील ह्यांची वर्दळ. घरे तांबड्या विटांची, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस खांबांवर तोललेल्या पडव्या. ह्या पडव्यांचाही विद्यार्थ्यांशी संबंध आहे. गावात माणूस मावेनासे झाले, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. भाड्याने राहणारे विद्यार्थी त्या वाढीव खोल्यांत राहत. पुढे तेराव्या शतकात नगरसभेने प्रत्येक घरास पडवी असलीच पाहिजे असा नियमच केला. आज जुन्या गावातच ह्या पडव्यांची लांबी सुमारे ३८ किलोमीटर भरते, आणि २०२१ साली त्यांची गणना जागतिक वारशात झाली. पावसाळ्यात छत्रीवाचून गावभर फिरता येते म्हणतात. आमच्या गावी अशी सोय असती तर किती छत्र्या हरवण्यावाचून राहिल्या असत्या!

ह्या नगरास विद्येचे महत्त्व आणले ते इर्नेरियस नामक पंडिताने. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने रोमन कायद्याचे महासंकलन करविले होते. त्यातील 'डायजेस्ट' नावाचा पन्नास खंडांचा भाग पश्चिम युरोपात कित्येक शतके जवळजवळ विस्मृतीत पडला होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभी तो पुनः हाती आला, आणि इर्नेरियसाने त्यावर टीका लिहिण्यास प्रारंभ केला: दोन ओळींच्या मध्ये कठीण शब्दाचा अर्थ, आणि समासात विरोधी वचनांचा समन्वय. आपल्या टीकाकारांची पद्धती ज्यांस परिचित आहे त्यांस हे वर्णन घरचे वाटेल. योगायोग असा की, ह्याच सुमारास कल्याणीस सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या पदरी विज्ञानेश्वर याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहीत होता. दोघांस एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. इर्नेरियसाच्या परंपरेतील टीका पुढे आकुर्सियस ह्या पंडिताने तेराव्या शतकात एकत्र केल्या, त्या सुमारे ९६ हजार भरल्या. इकडे ग्रेशियन नावाच्या साधूने ११४० च्या सुमारास धर्मसभांचे व पोपांचे निर्णय जुळवून चर्चच्या कायद्याचा ग्रंथ केला. दोन्ही कायदे एका गावात शिकता येऊ लागले, आणि दोन्ही शिकलेल्यास राजदरबारी आणि चर्चमध्ये मोठ्या जागा मिळू लागल्या. मग विद्यार्थ्यांस कोण अडविणार?

विद्यापीठाचा जन्म १०८८ साली झाला असे सांगतात. हे साल एकोणिसाव्या शतकात कवी कार्दुच्ची ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरविले, आणि १८८८ साली आठशेवा वाढदिवस मोठ्या थाटाने साजरा झाला. त्या वर्षी कोणी सनद दिली, किंवा पायाचा दगड बसविला, असे काही नाही. वडाच्या झाडाची जन्मतिथी विचारली असता घरातील वडीलधारे अंदाजाने एक साल सांगतात, तसेच हे आहे. उत्सवाला तिथी लागतेच.

आता हे विद्यार्थी कोण होते ते पाहणे अवश्य आहे, नाही तर पुढील प्रकार पोरखेळ वाटेल. त्यांत मुले थोडी होती. बहुतेक विशी उलटलेले, कित्येक तिशीच्या घरातले, काही चर्चच्या उत्पन्नावर शिकणारे, काही सरदारघराण्यांतले. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड, हंगेरी, पोलंड इतक्या दूरून ते आल्प्स पर्वत ओलांडून येत. शिक्षण सारे लॅटिनमध्ये चाले, म्हणून पोलंडच्या माणसास स्पेनच्या गुरूपाशी बसण्यात अडचण नसे. काशीस द्रविड, वंग आणि महाराष्ट्र देशींचे विद्यार्थी एका शास्त्र्यापुढे बसत, तसाच हा प्रकार. परंतु बोलोन्यात हे सर्व परके होते. नगराचा कायदा नागरिकाचे रक्षण करी, परक्याचे नाही. त्या काळी अशीही चाल होती की, जर्मनीचा एखादा व्यापारी कर्ज बुडवून पळाला तर सावकार गावात सापडेल त्या जर्मन माणसाचा माल जप्त करी. आणि सापडणारा माणूस बहुधा विद्यार्थी असे. फ्रेडरिक बार्बारोसा ह्या सम्राटाने ११५८ च्या सुमारास विद्यार्थ्यांस एक सनद दिली. विद्येसाठी प्रवास करणारांस वाटेत कोणी त्रास देऊ नये, देशबांधवाच्या कर्जासाठी त्यांस धरू नये, आणि त्यांच्यावर फिर्याद झाल्यास ती त्यांच्या गुरूपुढे अगर बिशपपुढे चालावी, अशी तिची मुख्य कलमे होती. सनद उत्तम होती, पण सम्राट दूर होता आणि सावकार शेजारी. म्हणून विद्यार्थ्यांनी आपले आपण संघटित होणे पत्करले.

एका देशाचे विद्यार्थी एकत्र आले, त्या जथ्यास 'राष्ट्र' म्हणत. आजारी पडलेल्याची शुश्रूषा करणे, मेलेल्याचे उत्तरकार्य करणे, भांडणे मिटविणे, ही राष्ट्रांची पहिली कामे. पुढे राष्ट्रे मिळून दोन मोठ्या श्रेणी झाल्या: आल्प्सच्या अलीकडील म्हणजे इटालियन विद्यार्थ्यांची एक, पलीकडच्यांची दुसरी. दोहींचा प्रमुख म्हणजे रेक्टर, तोही विद्यार्थीच. तो निदान चोवीस वर्षांचा, अविवाहित, पाच वर्षे कायद्याचा अभ्यास केलेला असावा असा नियम होता. वैद्यक व इतर विद्यांच्या विद्यार्थ्यांस आपली निराळी श्रेणी मान्य करून घेण्यास चौदावे शतक उजाडले. बोलोन्याचे स्थानिक विद्यार्थी मात्र ह्या श्रेणींत मत देऊ शकत नसत. त्यांस नगराचे संरक्षण होतेच. सर्वसाधारण सभा एखाद्या मठात भरे. स्वतःची एक खोलीही ह्या जगप्रसिद्ध विद्यापीठापाशी नव्हती. गुरू आपल्या घरी अगर भाड्याच्या दालनात शिकवीत.

संघटित होताच त्यांनी प्रथम घरभाड्याकडे लक्ष दिले. दोन विद्यार्थी आणि दोन नागरिक मिळून खोल्यांचे भाडे ठरवीत. जो घरमालक अधिक मागे त्याच्या घरी कोणीही राहावयाचे नाही. त्यानंतर ग्रंथ. छापखाना निघण्यास अद्याप दोनशे वर्षे होती. ग्रंथविक्रेत्यापाशी प्रत्येक ग्रंथाची एक तपासलेली प्रत सुटी, न शिवलेली, खंडाखंडांनी ठेवलेली असे. विद्यार्थी ठराविक भाडे देऊन एक खंड नेई, नकलून परत करी आणि पुढचा नेई. त्यामुळे एकाच वेळी अनेकांस एक ग्रंथ लिहून घेता येई. ह्या मूळ प्रती शुद्ध आहेत की नाहीत हे पाहण्यास सहा विद्यार्थ्यांची समिती शपथ घेऊन नेमलेली असे, आणि अशुद्ध प्रत ठेवणाऱ्या विक्रेत्यास दंड होई. लेखकूने एका ठिकाणी 'न' गाळला की धर्माचा अधर्म कसा होतो हे ज्यांनी जुन्या पोथ्या लावून पाहिल्या आहेत त्यांस ठाऊक आहे. ह्या समितीविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आणि मग गुरूंची पाळी आली. गुरूंस पगार असा नव्हता. विद्यार्थी वर्गणी जमवून दक्षिणा देत. जो देतो तो अटी घालतो. १३१७ सालचे श्रेणीचे नियम उपलब्ध आहेत, त्यांवरून गुरूंची स्थिती चांगली कळते. प्रत्येक गुरूने विद्यार्थी-रेक्टरच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यावयाची. परवानगीवाचून एक दिवसही पाठ बुडवायचा नाही. गावाबाहेर जाणे असेल तर परत येण्याची हमी म्हणून रक्कम अनामत ठेवायची. घंटेबरोबर पाठ सुरू करायचा आणि दुसरी घंटा झाली की तेथेच थांबायचे. मुख्य पाठास पाच श्रोतेही जमले नाहीत, तर गुरू गैरहजर होता असे समजून दंड करायचा! दंडाची रक्कम गुरूने आधीच सावकाराकडे ठेवलेल्या पैशांतून कापली जाई, म्हणजे मागण्याचीही अडचण नको. आणि हे सर्व बरोबर चालते की नाही ते गुपचूप पाहून रेक्टरास कळविण्यासाठी काही विद्यार्थी नेमलेले असत. शाळातपासनीस वर्षातून एकदा येई, तेव्हा आमच्या शाळेत आदल्या रात्री भिंतींना पांढरी माती फासली जाई. येथे तपासनीस रोज पहिल्या बाकावर बसलेला!

नातवास येथे फार आनंद झाला. परंतु माझे मन ज्या दोन नियमांवर अडकले ते निराळे होते. एक असा की, नेमलेल्या ग्रंथाचे भाग पाडून कोणता भाग कोणत्या तारखेच्या आत संपला पाहिजे हे वर्षाच्या आरंभीच ठरे, आणि तो न संपल्यास दंड. नातवाच्या प्राध्यापकांस हा नियम लागू असता तर दिवाळीस आमच्या ओटीवर वाद निघाला नसता. दुसरा नियम असा की, गुरूने कोणतेही प्रकरण गाळू नये, आणि कठीण स्थळ आले असता 'हे शेवटी पाहू' म्हणून पुढे ढकलू नये.

हा दुसरा नियम वाचला तेव्हा मला रघुवंशाचा एक तास आठवला. मॅट्रिकचा वर्ग होता. तेराव्या सर्गातील एका श्लोकाचा अन्वय आदल्या रात्री मला नीट लागला नव्हता. मागल्या बाकावरील एका कृश मुलाने नेमके त्याविषयी विचारले. मी म्हणालो, "तो पुढे पाहू, आता वेळ नाही." वेळ होता. घंटेस दहा मिनिटे अवकाश होता. पुढे सर्ग संपला, परीक्षा झाली, मुलगा शाळेतून गेला. तो पुनः विचारील अशी मला काही दिवस धास्ती होती; त्याने विचारले नाही. त्या वर्षी मला कोणी दंड केला नाही, उलट निकाल चांगला लागला म्हणून शाबासकीच मिळाली. अन्वय मला दोन वर्षांनी लागला. तोपर्यंत तो सांगण्यास समोर कोणी नव्हते. ही गोष्ट मी त्या रात्री ओटीवर सांगितली नाही. येथे लिहीत आहे.

असो. गुरू अगदीच निःशस्त्र होते असे मात्र नव्हे. परीक्षा त्यांच्या हाती होती. गुरूंची आपली निराळी मंडळी असत, आणि कोणास गुरुपद द्यावे हे त्या मंडळीच ठरवीत. १२१९ साली पोप होनोरियस तिसरा ह्याने आज्ञा केली की, बोलोन्याच्या आर्चडीकनच्या संमतीवाचून कोणास ही पदवी मिळू नये. म्हणजे चर्चचा हातही त्यावर आला. प्रथम खासगी परीक्षा होई, तीच खरी कसोटीची. तीत उतरल्यावर प्रधान चर्चमध्ये जाहीर समारंभ. उमेदवार एक भाषण करी, कायद्यातील एक पक्ष मांडी, आणि विद्यार्थी त्यावर पूर्वपक्ष करीत. मग त्यास गुरूच्या आसनावर बसवीत, हाती ग्रंथ देत, बोटात अंगठी घालीत, मस्तकी टोपी ठेवीत. आपल्याकडे मुंबईस १८५७ साली विद्यापीठ निघाले ते लंडनच्या धर्तीवर, परीक्षा घेण्यापुरतेच. परंतु पदवीदानाच्या दिवशी नातवाने भाड्याचा झगा घालून काढून घेतलेले छायाचित्र जे भिंतीवर टांगले जाते, त्या झग्याटोपीच्या चालीचे मूळ शोधू गेल्यास ह्या मध्ययुगीन समारंभांच्या घरापर्यंतच जावे लागते. गुरूंच्या मंडळींचा एक दोषही सांगितला पाहिजे. त्यांनी पुढे आपले सभासदत्व बोलोन्याच्या नागरिकांपुरते राखून ठेवले, आणि आपल्या मुलांपुतण्यांस सवलती दिल्या. विद्या जगाची आणि गादी घरची, हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

नगराशी बेबनाव झाला म्हणजे विद्यार्थ्यांपाशी एक अमोघ अस्त्र होते: गाव सोडून जाणे. इमारत नाही, ग्रंथालय नाही, मग अडविणार काय? पोथ्या उचलायच्या आणि चालू लागायचे. १२०४ साली काही विसेंझास गेले, १२१५ त आरेझोस, आणि १२२२ साली पादुआस गेले ते तेथे कायमचेच वसले. पादुआचे सुप्रसिद्ध विद्यापीठ त्या रुसव्यातून जन्मले. १३२१ साली एका विद्यार्थ्यास नगराने देहान्ताची शिक्षा दिली, तेव्हा मोठा समुदाय सिएनास निघून गेला. विद्यार्थी गेले की खोल्या ओस, खाणावळी ओस, सावकार हवालदिल. म्हणून नगरसभा बाराव्या शतकाच्या अखेरीपासूनच गुरूंकडून अन्यत्र न शिकविण्याची शपथ घेऊ लागली होती. एका बाजूने विद्यार्थ्यांची शपथ आणि दुसऱ्या बाजूने नगराची, अशा दोन शपथांच्या अडकित्त्यात गुरू सापडले.

ह्या अडकित्त्यातून सुटका झाली ती पैशाने. तेराव्या शतकातला ओडोफ्रेडस नावाचा मोठा कायदेपंडित एका वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांस स्पष्टच बोलला की, पुढील वर्षी आपण मुख्य पाठ तेवढे देऊ, दुपारचे जादा पाठ देणार नाही. कारण विद्या सर्वांस हवी असते, तिचे मोल देण्याची वेळ आली की कोणी पुढे येत नाही. इतका दंडाचा दरारा बसविणारे विद्यार्थी दक्षिणेच्या बाबतीत कच्चे होते, हे त्यावरून उघड होते. नामांकित गुरू दुसऱ्या नगरांनी पळवू नयेत म्हणून तेराव्या शतकाच्या अखेरीपासून बोलोन्याच्या नगरसभेने काही गुरूंस स्वतः पगार देण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यांस वाटले, आपले ओझे हलके झाले. प्रारंभी गुरू निवडीत तेच. पैसे तेवढे नगर देई. पण हळूहळू पैसे देणाराने निवडही आपल्याकडे घेतली. चौदाव्या शतकात अध्यापनाची व्यवस्था पाहणारे नगराचे अधिकारी नेमले गेले, आणि पगारी गुरूंची यादी त्यांच्या कचेरीत तयार होऊ लागली. शपथा, नियम, रेक्टरचा मान, सारे कागदावर पूर्वीप्रमाणेच राहिले. रेक्टरचा थाट उलट इतका वाढला की, त्याचा खर्च झेपेल असा विद्यार्थी मिळेना.

एकाही नियमाचे कलम न बदलता सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली, हे मला ह्या साऱ्या इतिहासात सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. नातू म्हणतो, विद्यार्थ्यांनी दक्षिणा वेळेवर दिली असती तर राज्य त्यांचेच राहिले असते. माझे मत तसे नाही. दंडाच्या भयाने शिकविणारा गुरू कठीण स्थळ गाळणार नाही हे खरे, पण विद्यार्थ्यांस न आवडणारे सांगण्याचे धैर्यही त्यास राहणार नाही. आणि नगराच्या पगारावरील गुरूस अधिकाऱ्यांस न आवडणारे सांगण्याचे धैर्य किती राहते, हा प्रश्न पुढे उभा राहतोच. आमच्या दोघांचा वाद अद्याप मिटलेला नाही.

१५०६ साली नगर पोपच्या प्रत्यक्ष सत्तेखाली गेले, आणि १५६३ साली विद्यापीठास त्याच्या आयुष्यातील पहिली सामाईक इमारत मिळाली. आर्किजिन्नासियो तिचे नाव. सर्व पाठ आता एका छपराखाली, अर्थात एका नजरेखाली आले. पोथ्या उचलून चालू लागण्याचे दिवस केव्हाच सरले होते. ह्या इमारतीच्या भिंतींवर व छतांवर विद्यार्थ्यांची कुलचिन्हे रंगविलेली आहेत. सुमारे सहा हजार आजही शाबूत आहेत. राज्य गेले आणि भिंतीवर नावे राहिली. ह्याच इमारतीत १६३७ साली शवच्छेदनासाठी लाकडी सभागृह बांधले गेले. मनुष्यदेहाचे छेदन करून वैद्यक शिकविण्याची येथील परंपरा त्याहून कितीतरी जुनी. मोंदिनो ह्या वैद्याने १३१६ च्या सुमारास त्यावर ग्रंथ लिहिला होता. २९ जानेवारी १९४४ रोजी विमानातून पडलेल्या बाँबने ते सभागृह उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर ढिगाऱ्यातून मूळ लाकडी तुकडे वेचून काढून ते पुनः उभारले. विद्यापीठाचे मुख्य ठाणे मात्र १८०३ सालीच दुसऱ्या वाड्यात गेले होते.

कोपर्निकस १४९६ पासून काही वर्षे येथे होता. आला होता चर्चचा कायदा शिकण्यास. नाव जर्मन राष्ट्राच्या वहीत आहे. राहिला ज्योतिष शिकविणाऱ्या नोवाराच्या सहवासात, आणि ९ मार्च १४९७ रोजी चंद्राने रोहिणीचा योगतारा झाकला तो त्याने येथेच पाहून टिपून ठेवला. मुलास एका शास्त्रासाठी पाठवावे आणि त्याने दुसरेच आत्मसात करून यावे, असे घराघरांत होते. सर्वच कोपर्निकस निघत नाहीत, ही गोष्ट अलाहिदा.

एवढे सांगून झाल्यावर वहिनींनी विचारले, "त्या श्रेणीत बायका होत्या का हो?" नव्हत्या. परंतु लॉरा बास्सीची हकीकत त्यांस सांगितली. १७३२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, नगराच्या मुख्य सभागृहात पंडितांपुढे जाहीर वाद करून तिने ह्या विद्यापीठाची पदवी मिळविली. चांदीची पर्णमाला तिच्या मस्तकी घालण्यात आली. त्याच वर्षी तिला अध्यापकपदही मिळाले. मात्र स्त्री म्हणून तिने वरिष्ठांची आज्ञा होईल तेव्हाच जाहीर पाठ द्यावा असे ठरले. १७३८ साली तिने वेरात्ती नावाच्या वैद्याशी विवाह केला. दोघांनी घरातच पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा थाटली, आणि मुलाबाळांचा संसार सांभाळून ती तेथे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांस न्यूटनचे शास्त्र शिकवीत राहिली. १७७६ साली, वयाच्या पासष्टीत, तेथील विज्ञानसंस्थेने तिला प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे आसन दिले, आणि तिच्या हाताखाली साहाय्यक म्हणून नेमणूक झाली ती तिच्या पतीची. दोन वर्षांनी ती वारली. "चव्वेचाळीस वर्षे लागली म्हणा की," एवढेच वहिनी म्हणाल्या, आणि जपमाळ पुनः सुरू झाली.

आज त्या विद्यापीठात ऐंशी-नव्वद हजार विद्यार्थी आहेत. चेझेना, फोर्ली, राव्हेन्ना, रिमिनी ह्या गावीही त्याच्या शाखा आहेत. रेक्टर आता प्राध्यापकांपैकी असतो. त्याच्या निवडणुकीत विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींसही मत आहे. १९८८ साली नऊशेव्या वाढदिवशी देशोदेशींच्या विद्यापीठांचे रेक्टर तेथे जमले, आणि विद्यापीठ राज्यसत्तेपासून व धनसत्तेपासून स्वतंत्र असावे अशा आशयाच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सह्या केल्या. जुन्या गावात दोन देवळांच्या बाजूला टीकाकार गुरूंच्या समाधी आहेत, खांबांवर उंच उचललेल्या आणि वर निमुळते शिखर असलेल्या. नंतरच्या काळातील कित्येक गुरूंच्या थडग्यांचे कोरीव दगड तेथील संग्रहालयात ठेवले आहेत. त्यांवर गुरू आसनावर बसलेला आहे, समोर बाकांवर विद्यार्थी आहेत. कोणी ग्रंथात बोट ठेवून वाचीत आहे, कोणी हनुवटी हातावर टेकून ऐकत आहे.

पादुआस रुसून गेलेल्या मंडळींचे पुढे काय झाले, आणि तेथे गॅलिलिओ अठरा वर्षे कसा रमला, ही हकीकत पुढील अंकी.